शब्दाच्या शेजारी एक ओळ हवी : पाठ्यपुस्तक समित्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील माध्यमिक शाळांसाठी विज्ञान आणि गणिताची पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या विषय समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या भावाच्या पोटात डाव्या बाजूला कळा येऊ लागल्या, म्हणून आम्ही त्याला तालुक्याच्या गावी सोनोग्राफीसाठी नेले. अहवाल हाती पडला तेव्हा डॉक्टर यायला अवकाश होता, म्हणून बारावीला विज्ञान शाखेत शिकणारी माझी पुतणी तो मोठ्याने वाचू लागली. डावे मूत्रपिंड, सहा मिलिमीटर, इथपर्यंत तिने नीट वाचले आणि 'रीनल कॅल्क्युलस' या शब्दापाशी ती थांबली. "काका, कॅल्क्युलस तर आमच्या गणितात आहे. दादांच्या पोटात कुठून आलं?" तिचा चेहरा गोंधळलेला होता आणि तिच्याकडे पाहणारा माझा भाऊ त्याहून जास्त घाबरलेला होता. मी त्याला म्हणालो, काही नाही, मुतखडा आहे, पाणी भरपूर पी.

घरी येताना एसटीत मी पुतणीला सांगितले की 'कॅल्क्युलस' हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ लहानसा खडा एवढाच आहे. रोमन लोक पाटीवर खडे सरकवून हिशेब करीत. त्या खड्यांवरून हिशेब करण्याला 'कॅल्क्युलेट' हे क्रियापद मिळाले, हिशेबाच्या एका मोठ्या शाखेला 'कॅल्क्युलस' हे नाव मिळाले, आणि शरीरात साठलेल्या खड्याला वैद्यांनी मूळ अर्थानेच तो शब्द लावला. दातांवर जमणाऱ्या कठीण थरालाही दंतवैद्य कॅल्क्युलसच म्हणतात. ती थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मुतखड्यातला खडाच की." दोन वर्षे ती या नावाची गणिते सोडवीत होती आणि या नावाचा अर्थ तिला कोणीही सांगितला नव्हता. दोष तिच्या शिक्षकांचा नाही. त्यांनाही कोणी सांगितला नव्हता.

हे पत्र मी त्या एसटीतल्या संभाषणामुळे लिहीत आहे. मी ३१ वर्षे एका माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवले, त्यांतील पहिली बरीच वर्षे मराठी माध्यमात आणि पुढची सेमी इंग्रजीत, आणि आता सेवानिवृत्त आहे. माझी मागणी एकच आहे. आपल्या पुस्तकांत पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येक इंग्रजी पारिभाषिक शब्दाच्या शेजारी, समासात, बारीक टाइपात का होईना, एक ओळ छापावी : हा शब्द कोणत्या तुकड्यांचा बनला, त्या तुकड्यांचा अर्थ काय, आणि त्याचा मराठी पर्याय कोणता.

सेमी इंग्रजीच्या वर्गात काय चालते हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, तरी मी पाहिलेले सांगतो. मुलगी घरी मराठी बोलते, इतिहास-भूगोल मराठीत शिकते, आणि विज्ञानाच्या तासाला तिच्यापुढे 'प्लॅटिहेल्मिन्थिस' हा शब्द येतो. ती पेन्सिलीने त्या शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत त्याचा उच्चार लिहून ठेवते, मग त्याचे पाच तुकडे पाडते, आणि ते तुकडे पाढ्यासारखे म्हणत घरी जाते. शब्द पाठ होतो. परीक्षेत त्याचे स्पेलिंग चुकते आणि गुण जातो. दहावीनंतर तो शब्द पुसला जातो, कारण त्याला मनात धरून ठेवणारे काहीच नसते.

याच शब्दाच्या शेजारी एवढेच लिहिलेले असते तर? ग्रीक 'प्लाटिस' म्हणजे चपटा, रुंद. 'हेल्मिन्स' म्हणजे कृमी. चपटे कृमी. हा 'प्लाटिस' आणि संस्कृतातला 'पृथु' हे एकाच मुळातून फुटलेले शब्द आहेत, त्यामुळे ज्या मुलीला पृथ्वी हा शब्द माहीत आहे तिला हा राक्षसी दिसणारा शब्द अर्धा अगोदरच माहीत आहे. पुढच्याच पानावर 'आर्थ्रोपोडा' येतो. 'आर्थ्रॉन' म्हणजे सांधा आणि 'पोडोस' म्हणजे पायाचा. आपला 'पाद' त्या ग्रीक पायाचा सख्खा नातेवाईक. आपल्या पुस्तकात मराठी पर्याय 'संधिपाद' असा आहे, आणि तो शब्दाला शब्द ठेवून केलेला आहे. तोच 'आर्थ्रॉन' आजीच्या गुडघ्यांच्या 'आर्थ्रायटिस'मध्ये आहे आणि त्याला आपण संधिवात म्हणतो. झुरळाचे पाय आणि आजीचे गुडघे एका शब्दाने जोडले गेले की तो शब्द विसरणे मुलाला अवघड जाते. हे मी वर्गात करून पाहिले आहे, एकदा नव्हे, अनेक वर्षे.

मराठी पर्याय करणाऱ्या जुन्या विद्वानांनी किती विचार केला होता, हेही मूळ सांगितल्याशिवाय मुलांना कळत नाही. 'मायटोकॉन्ड्रिया' हे नाव कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दिले. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला दोऱ्यासारखे आणि दाण्यासारखे काही दिसले, म्हणून 'मिटॉस' म्हणजे दोरा आणि 'खाँड्रियॉन' म्हणजे दाणा हे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. मराठीत आपण तंतुकणिका म्हणतो. तंतू आणि कणिका, दोरा आणि दाणा. हा पर्याय करणाऱ्याने बेंडाच्या डोळ्यांनी पाहिले होते. पण सेमीच्या मुलाला मराठी शब्द दिसत नाही आणि मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी शब्दाचे पोट दिसत नाही, म्हणून अकरावीला विज्ञान शाखेत जाऊन सगळे इंग्रजीतून सुरू झाले की मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला वाटते की आपण आजवर शिकलो ते सगळे वाया गेले आणि आता पहिल्यापासून सुरुवात करायची आहे. वाया काहीच गेलेले नसते. ज्याला तंतुकणिका कळली आहे त्याला मायटोकॉन्ड्रिया कळलेलीच आहे, फक्त हे त्याला कोणी सांगत नाही.

शरीराच्या अवयवांच्या बाबतीत तर आपल्याला संस्कृताकडे जाण्याचीही गरज नाही. घरातली मराठी पुरते. गुडघ्यावरच्या हाडाला इंग्रजीत 'पटेला' म्हणतात, आणि लॅटिनमध्ये तो शब्द लहान ताटली किंवा पसरट भांडे या अर्थाचा आहे. आपल्याकडे कोणत्याही खेड्यातली बाई 'गुडघ्याची वाटी सरकली' असे म्हणते. डोळ्याच्या मध्यभागी असलेल्या काळ्या छिद्राला इंग्रजीत 'प्यूपिल' म्हणतात. लॅटिन 'प्यूपिला' म्हणजे लहान मुलगी, बाहुली, कारण समोरच्याच्या डोळ्यात पाहिले की आपलीच इवलीशी प्रतिमा तिथे दिसते. आपणही तिला बाहुलीच म्हणतो. रोममधल्या माणसाने आणि आपल्या एखाद्या पूर्वजाने, एकमेकांची काही खबर नसताना, दुसऱ्याच्या डोळ्यात वाकून पाहिले आणि दोघांना एकच गोष्ट दिसली. मी हे सांगितले की वर्गातली मुले शेजाऱ्याच्या डोळ्यात बघायला लागत, आणि पाच मिनिटे तास माझ्या हातातून जात असे. ती पाच मिनिटे वाया गेली असे मला कधी वाटले नाही.

आणि जिथे दोघांना वेगळे दिसले तिथे तर अधिक मौज आहे. 'मसल' हा शब्द लॅटिन 'मुस्क्युलस'वरून आला. त्याचा अर्थ छोटा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली काहीतरी वर सरकते, ते रोमन लोकांना उंदीर वाटले. आपली मुले दंड आवळून 'बेटकुळी' काढतात, आणि बेटकुळी म्हणजे बेडकुळी, लहान बेडकी. मणक्याच्या अगदी शेवटी असलेल्या हाडाला 'कॉक्सिक्स' म्हणतात, कारण ग्रीक वैद्यांना त्यात कोकिळेच्या कुळातल्या पक्ष्याची चोच दिसली. आपण त्याला माकडहाड म्हणतो आणि शेपटीची आठवण ठेवतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने आपले नाव अधिक समर्पक आहे, असे माझे मत आहे. पुस्तकात हे शब्द 'ग्राम्य' म्हणून टाळले जातात, याचे मला फार वाईट वाटते. वाटी, बाहुली, बेटकुळी, माकडहाड हे शब्द समासातल्या त्या ओळीत यायलाच हवेत.

आता गणिताकडे येतो, आणि इथे मी थोडा अधिक वेळ थांबणार आहे, कारण आपल्या मुलांवर सर्वात मोठा अन्याय मला इथे दिसतो.

नववी-दहावीत वर्तुळ शिकवताना आपण मराठीत 'जीवा' हा शब्द वापरतो : वर्तुळावरील दोन बिंदू जोडणारा रेषाखंड. 'जीवा' आणि संस्कृतातला 'ज्या', या दोन्ही शब्दांचा अर्थ धनुष्याची दोरी. धनुष्याचे लाकूड म्हणजे वर्तुळाचा तुकडा आणि त्याची दोन टोके जोडणारी दोरी म्हणजे जीवा. संस्कृत गणितात त्या वक्र तुकड्याला चाप, म्हणजे धनुष्यच, म्हणत. इंग्रजीतला 'आर्क' हा शब्दही लॅटिनमध्ये धनुष्याचाच, आणि 'कॉर्ड' हा शब्द ग्रीकमध्ये आतड्याच्या ताणलेल्या तारेचा. इथपर्यंत दोन्ही परंपरांत एकच चित्र आहे.

पण पुढे त्याच मुलाला त्रिकोणमितीत 'साइन' शिकवला जातो आणि तो म्हणजे काय, तर समोरची बाजू भागिले कर्ण, एवढेच सांगितले जाते. वस्तुतः साइन म्हणजे आपली जीवाच. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने पूर्ण जीवेऐवजी अर्ध्या जीवेची कोष्टके दिली, आणि ती अर्धज्याच पुढे नुसती ज्या म्हणून चालू लागली. अरबी गणितज्ञांनी हा शब्द भाषांतर न करता, केवळ ध्वनी धरून, 'जीबा' असा घेतला. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे ज आणि ब या सांगाड्याचा हा अनोळखी शब्द पुढच्या वाचकांनी अरबीतला ओळखीचा 'जैब' असा वाचला. जैब म्हणजे वस्त्राची घडी, छातीशी पडणारा झोळ, खिसा. हिंदीतून आपल्या कानावर पडणारा 'जेब' तो हाच. बाराव्या शतकात अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये उतरवताना भाषांतरकारांनी जैबचे प्रामाणिक भाषांतर केले : 'सायनस', म्हणजे घडी, पोकळी, खाडीचा आत वळलेला भाग. त्या सायनसचा इंग्रजीत साइन झाला. सर्दीत कपाळ ठणकू लागले की आपण ज्याला 'सायनसचा त्रास' म्हणतो, त्या नाकाजवळच्या पोकळीचे नावही तेच आहे.

म्हणजे धनुष्याची दोरी पाटलीपुत्राच्या परिसरातून निघाली, बगदादच्या बाजूला खिसा झाली, युरोपात पोकळी झाली, आणि आमच्या वर्गात परत आली तेव्हा तिला कोणी ओळखले नाही. एकाच पाठ्यपुस्तकात एका प्रकरणात जीवा आहे आणि दुसऱ्या प्रकरणात साइन आहे, आणि दोन्ही एकच आहेत हे सांगणारी ओळ तिथे नाही. फळ्यावर वर्तुळ काढून, त्यात जीवा काढून, केंद्रातून तिच्यावर लंब टाकून, अर्धी जीवा खडूने गिरवून दाखवली की 'समोरची बाजू भागिले कर्ण' हे सूत्र आपोआप डोळ्यांसमोर उभे राहते, कारण कर्ण म्हणजे त्या वर्तुळाची त्रिज्या असते. हे शिकवणे अधिकचे नाही. साइनचा खरा अर्थ हाच आहे.

आणि त्याच आकृतीत, त्याच फळ्यावर, उलट दिशेने आलेला शब्दही आहे. 'केंद्र' हा शब्द आपल्याला अस्सल संस्कृत वाटतो, पण तो ग्रीक 'केंत्रॉन'चे संस्कृत रूप आहे, आणि ग्रीकांच्या ज्योतिषशास्त्राबरोबर तो आपल्याकडे आला. केंत्रॉन म्हणजे टोचणारे अणकुचीदार टोक, बैलाला टोचायची पराणी. कंपासपेटीतल्या कंपासचे जे लोखंडी टोक कागदात रुतते, तेच केंत्रॉन. त्याने पाडलेले भोक म्हणजे केंद्र. इंग्रजीतला 'सेंटर'ही तोच. ज्योतिषातला 'होरा' हाही ग्रीक 'होरा'वरून आला, ज्यावरून इंग्रजीत 'अवर' झाला. तेव्हा एका वर्तुळात एक शब्द इथून तिथे गेलेला आहे आणि एक तिथून इथे आलेला आहे. दोन्ही गोष्टी मुलांना एकाच वेळी सांगितल्या पाहिजेत, एक सांगून दुसरी झाकता कामा नये.

हे मी मुद्दाम लिहितो, कारण व्युत्पत्तीच्या नावाखाली आज मोबाइलवरून जे फिरते ते पाहून मला काळजी वाटते. 'नॅव्हिगेशन' हा शब्द 'नवगती'वरून आला, असा संदेश मला दर महिन्याला कोणीतरी पाठवतो. तो खोटा आहे. नॅव्हिगेशन हा लॅटिन 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'अगेरे' म्हणजे हाकणे यांपासून झाला. लॅटिन नाविस आणि संस्कृत नौ हे एका मुळाचे आहेत ही गोष्ट खरी आहे आणि पुरेशी सुंदरही आहे; तिला खोट्याची जोड कशाला हवी? एकाच आईची दोन लेकरे असणे वेगळे आणि एक लेकरू दुसऱ्याचे असणे वेगळे, हा फरक आठवीच्या मुलाला समजतो. उलट जिथे शब्द खरोखर मराठीतून गेला आहे तिथे तो ठसठशीत सांगावा : इंग्रजीतला 'मंगूस' हा पोर्तुगिजांच्या तोंडून गेलेला आपला मुंगूस आहे. म्हणून समितीने प्रत्येक ओळ भाषाशास्त्राच्या जाणकाराकडून तपासून घ्यावी, आणि ज्याची खात्री नाही ती ओळ छापूच नये. चार शब्दांची ओळ रिकामी राहिली तरी चालेल.

भूगोल आणि भूविज्ञानाच्या पाठांत तर शब्दाचे मूळ मुलाच्या पायाखालीच असते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून महाराष्ट्राचा बहुतेक भाग घडला, आणि त्याला आपण 'डेक्कन ट्रॅप' असे शिकवतो. मुलाला ट्रॅप म्हणजे सापळा एवढेच ठाऊक असते, आणि मी स्वतः विद्यार्थी असताना कितीतरी दिवस समजत होतो की या खडकात काहीतरी अडकून पडले असावे. हा ट्रॅप वेगळा आहे. तो स्वीडिश भाषेतला जिन्याचा शब्द आहे. माळशेजच्या किंवा वरंधाच्या घाटात उभे राहून समोरच्या डोंगराकडे पाहिले की कडा, मग सपाटी, मग कडा, मग सपाटी, अशा पायऱ्या सरळ दिसतात. डेक्कन म्हणजे दख्खन, दक्षिण. दक्षिणेतला जिना, एवढा साधा अर्थ त्या दोन शब्दांचा आहे.

त्याच खडकाच्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक सापडतात. पुणे, नाशिक, जळगाव भागांतल्या खाणींतून ते निघतात. त्यांना 'झिओलाइट' म्हणतात. ॲक्सेल क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने १७५६ मध्ये असा एक दगड ज्योतीत धरला तेव्हा त्यातले पाणी वाफ होऊन बाहेर पडू लागले आणि दगड उकळल्यासारखा दिसला, म्हणून ग्रीकमधले उकळणे आणि दगड हे दोन शब्द घेऊन त्याने हे नाव घडवले. उकळणारा दगड. हे एकदा कळले की झिओलाइटच्या रचनेत पाणी असते, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. ते नावातच आहे. कोकणातल्या मुलाला 'लॅटराइट' शिकवताना त्याच्या घराच्या भिंतीकडे बोट दाखवावे. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात पाहिले की हा तांबडा दगड जमिनीतून काढताना मऊ असतो, लोखंडी हत्याराने विटेसारखा कापता येतो आणि हवेत राहिला की टणक होतो, म्हणून १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तात त्याने लॅटिन 'लाटेर' म्हणजे वीट यावरून त्याला नाव दिले. आपला जांभा तो हाच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या चिरेखाणीवरचा कामगार जे रोज करतो, त्याचेच ते लॅटिन वर्णन आहे.

शेतकऱ्यांच्या मुलांसाठी खताची गोणी हाच एक धडा आहे. तिच्यावर १०:२६:२६ लिहिलेले असते आणि कृषी खात्याच्या पत्रकात नत्र, स्फुरद, पालाश. वर्गात मात्र नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम. फॉस्फरस म्हणजे ग्रीकमध्ये प्रकाश वाहून आणणारा. १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटला तो प्रथम मिळाला तेव्हा तो अंधारात चमकत होता. आपल्या 'स्फुरद' शब्दातही तेच लकाकणे आहे. पोटॅश म्हणजे भांड्यातली राख : लाकडाची राख पाण्यात कालवून, निवळी भांड्यात आटवून ती मिळवीत, आणि पोटॅशियम हे नाव त्या राखेवरून पडले. त्याची खूण 'के' का, असे प्रत्येक तुकडीतला एक तरी मुलगा विचारतो. वनस्पतीच्या राखेला अरबीत 'अल्-कली' म्हणत. त्यावरून लॅटिन 'कालियम' झाला, म्हणून के. अल्कली हा शब्दही त्याच राखेतून आला.

काही नावांत जुनी चूक गोठून राहिलेली असते, आणि ती सांगणे मला विज्ञानाच्या दृष्टीने फार मोलाचे वाटते. 'ऑक्सिजन' म्हणजे आम्ल निर्माण करणारा. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला वाटले होते की प्रत्येक आम्लात हा वायू असतोच. पुढे १८१० च्या सुमारास हम्फ्री डेव्हीने दाखवून दिले की हायड्रोक्लोरिक आम्लात तो मुळीच नसतो. समज मागे पडला, नाव राहिले. 'मलेरिया' म्हणजे इटालियन भाषेत वाईट हवा. १८९७ मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात या रोगाचे परजीवी पाहिले, तरी नावात हवाच राहिली. आपण मात्र त्याला हिवताप म्हणतो, आधी हीव आणि मग ताप, म्हणजे रोग्याने जे अनुभवले तेवढेच सांगतो आणि कारणाबद्दल काहीच दावा करत नाही. विज्ञान चुकते आणि स्वतःला दुरुस्त करते, हे मुलांना सांगण्यासाठी आपण स्वतंत्र पाठ लिहितो. तो पाठ या दोन शब्दांत आधीच लिहिलेला आहे.

काही शब्द तर मागणी करून घडवून घेतलेले आहेत. विद्युत अपघटनाचे प्रयोग करताना मायकेल फॅरडेला नवी नावे हवी होती, म्हणून १८३४ मध्ये त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांना पत्र लिहून सल्ला घेतला, आणि त्या पत्रव्यवहारातून 'ॲनोड' आणि 'कॅथोड' हे शब्द आले. ग्रीकमध्ये ॲनोड म्हणजे वर जाणारी वाट, कॅथोड म्हणजे खाली जाणारी वाट. फॅरडेच्या मनात सूर्य उगवण्याची आणि मावळण्याची बाजू होती. 'आयन' म्हणजे नुसते जाणारा. दहावीचा मुलगा ॲनोड धन की ऋण हे दरवर्षी विसरतो. त्याला उगवतीची आणि मावळतीची वाट दाखवली, आणि विद्युतधारा उगवतीकडून आत शिरते व मावळतीकडून बाहेर पडते एवढे सांगितले, तर तो विसरत नाही.

आता काही आक्षेप मला ठाऊक आहेत. अभ्यासक्रम आधीच जड आहे, त्यात ही भर कशाला, असे म्हटले जाईल. माझे उत्तर असे की या ओळीवर प्रश्न विचारू नये, गुण ठेवू नयेत, आणि ती पाठ करायला लावू नये. ज्या दिवशी 'पुढील शब्दांची व्युत्पत्ती लिहा' असा प्रश्न प्रश्नपत्रिकेत येईल, त्या दिवशी ही गोष्टही मरेल. दुसरा आक्षेप असा की शिक्षकांना ग्रीक-लॅटिन येत नाही. मलाही येत नाही. मी कोशांतून एकेक शब्द शोधत गेलो. मोजके दीड-दोनशे तुकडे कळले की शालेय विज्ञानातले बहुतेक शब्द उघडतात : 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिन्' म्हणजे एकत्र, 'थिसिस' म्हणजे मांडणे, म्हणून फोटोसिंथेसिस, आणि म्हणूनच आपला प्रकाशसंश्लेषण. शिक्षक हस्तपुस्तिकेच्या शेवटी अशा तुकड्यांची चार पाने दिली तरी पुरे.

राज्याच्या भाषा संचालनालयाने १९६० मध्ये स्थापना झाल्यापासून अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले आहेत आणि ते काम फार मोठे आहे. पण त्या कोशांत डावीकडे इंग्रजी शब्द असतो आणि उजवीकडे मराठी; दोहोंच्या मध्ये जी जागा आहे, ती आठवीच्या मुलासाठी भरण्याचे काम पाठ्यपुस्तकाचे आहे आणि ते केवळ आपणच करू शकता.

सुरुवात लहान करावी अशी माझी सूचना आहे. एकदम सहा इयत्तांची पुस्तके बदलण्याऐवजी आठवीच्या विज्ञानाचे आणि नववीच्या भूमितीचे पुस्तक घ्यावे, आणि त्यांच्या पुढच्या आवृत्तीत या ओळी घालून पाहाव्यात. जीवा आणि साइन यांचा संबंध मात्र त्यासाठी थांबवू नये. तो वर्तुळाच्या प्रकरणात येत्या पुनर्मुद्रणातच, आकृतीसह, यावा.

नोकरीच्या काळात मी अशा शब्दांच्या चार वह्या भरल्या आहेत. डाव्या पानावर शब्द आणि त्याचे तुकडे, उजव्या पानावर मराठी पर्याय आणि वर्गात मुलांनी त्यावर विचारलेले प्रश्न. काही नोंदींपुढे मी लाल पेनाने प्रश्नचिन्ह केले आहे. त्या जाणकारांनी तपासाव्यात किंवा खोडून टाकाव्यात. समितीला उपयोग होणार असेल तर या वह्या मी स्वतः आणून देईन, मोबदल्याची किंवा नावाची अपेक्षा नाही. पुतणीने चौथ्या वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या अक्षरात 'कॅल्क्युलस : खडा' अशी नोंद केली आहे, ती तेवढी तशीच ठेवावी.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त विज्ञान शिक्षक